मतपेटी आणि तिकीटखिडकी

(मराठी रंगभूमी दिनानिमित्त एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



चालकांनी मला 'शहरातली नाट्यगृहे आणि आपण' हा विषय दिला आहे. देवळांच्या गावातल्या मास्तराने शहरातल्या नाट्यगृहांविषयी बोलावे, हे उंटावरून शेळ्या हाकण्यासारखे आहे असे कोणाला वाटेल. पण मंडळी, मुंबई-पुण्याची नाट्यगृहे ज्यांनी गाजवली त्यांतले कितीतरी कलावंत आपल्याच देवळांच्या आवारातून तिकडे गेले. तेव्हा या विषयावर बोलण्याचा आपल्याला अधिकार आहे, आणि ऐकून घेण्याची जबाबदारीही आहे.

आज ५ नोव्हेंबर. १८४३ साली याच दिवशी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' हा खेळ केला, म्हणून आपण हा रंगभूमी दिन पाळतो. त्या खेळाला सांगलीच्या संस्थानिकांचा आश्रय होता. तो आश्रय संपल्यावर भाव्यांनी आपली मंडळी घेऊन दौरे काढले आणि १८५३ साली मुंबईच्या ग्रँट रोड थिएटरात तिकीट लावून खेळ केले. नाना शंकरशेटांच्या पुढाकाराने उभे राहिलेले ते नाट्यगृह. माझ्या मते १८४३ इतकेच १८५३ हे सालही महत्त्वाचे आहे. पहिल्या सालात नाटक जन्मले, दुसऱ्या सालात ते आपल्या पायांवर उभे राहिले. राजाने बिदागी दिली तर नाटक राजाचे होते. रसिकाने पदरचे पैसे मोडून तिकीट काढले की ते रसिकाचे होते. तिकीट म्हणजे रसिकाने रंगभूमीला दिलेले मत आहे.

मत हा शब्द आपल्या कानांवर पडला की एक तारीख आठवल्यावाचून राहत नाही. १६ जानेवारी १९६७. त्या दिवशीच्या जनमत कौलात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली आणि संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१. चौतीस हजारांच्या फरकाने कौल विरुद्ध गेला. पुढे १९८७ साली गोवा घटक राज्य झाले. लोकशाहीत कौल मानायचा असतो. तो मानूनही आपण मराठीचे काम सोडले नाही आणि सोडणार नाही. मला आज त्या कौलाची उजळणी करायची नाही. त्याच वर्षातली दुसरी एक तारीख तुमच्यापुढे ठेवायची आहे.

१९६७ च्याच डिसेंबरात 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक रंगभूमीवर आले. लेखक नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर, मुख्य भूमिकेत विदर्भातलेच वसंतराव देशपांडे आणि संगीत दिले मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींनी. जानेवारीत मतपेटीने सांगितले की गोवा आणि महाराष्ट्र वेगळे राहणार. डिसेंबरात तिकीटखिडकीपुढे रांग लावणाऱ्या एकाही माणसाने विचारले नाही की हा संगीतकार विलीन झालेला आहे की नाही. रंगभूमीवरचे विलीनीकरण केव्हाच झाले होते. त्याला कायद्याची गरज नव्हती आणि कोणत्याही कौलाने ते रद्द होण्यासारखे नव्हते.

हे विलीनीकरण झाले कसे, ते थोडे पाहू. पोर्तुगीज अमदानीत साष्टी, बारदेश आणि तिसवाडीतली आपली देवळे मोडली. देव रातोरात नदी ओलांडून अंत्रुज महालात आले. कुशस्थळीचा मंगेश, वेर्ण्याची म्हाळसा, केळशीची शांतादुर्गा ही सगळी विस्थापित दैवते. देवांबरोबर त्यांचे सेवेकरी आले, वाजंत्री आले, गायन-नर्तनाची सेवा करणारी कलावंत घराणीही आली. बाहेर परक्यांचे राज्य होते, पण देवळाच्या सभामंडपात मराठी राज्य करीत होती. घरात आपण कोंकणी बोलत होतो, आजही बोलतो आणि त्यात कमीपणा कोणी मानू नये. पण कीर्तन मराठीत, आरती मराठीत, पोथी मराठीत आणि उत्सवातले नाटकही मराठीत. ज्या काळात सरकारी शाळेत मराठीला जागा नव्हती त्या काळात उत्सवाचे नाटक हीच आपल्या लोकांची शाळा होती. अक्षरओळख नसलेला माणूसही 'सौभद्रा'तली पदे घडाघडा म्हणायचा, ती याच शाळेत शिकून.

त्या शाळेतली मुले पुढे कुठे गेली पाहा. मंगेशीचा दीनानाथ हा मुलगा कोवळ्या वयात किर्लोस्कर मंडळीत गेला आणि १९१८ साली त्याने चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह बळवंत संगीत मंडळी काढली. गडकऱ्यांच्या 'भावबंधना'तली लतिका आणि वीर वामनरावांच्या 'रणदुंदुभी'तली तेजस्विनी त्याने साऱ्या महाराष्ट्राला दाखवली. सावरकरांचे 'संन्यस्त खड्ग' १९३१ साली याच मंडळीने केले. कुर्डीच्या मोगूबाईंनी लहानपणी नाटक मंडळीत कामे केली आणि मग त्या गानतपस्विनी झाल्या. बांदिवड्याच्या ज्योत्स्ना भोळे १९३३ साली मुंबईत 'आंधळ्यांची शाळा'मध्ये उभ्या राहिल्या. स्त्रीची भूमिका स्त्रीनेच करायची, हा दंडक मराठी रंगभूमीवर पक्का होण्यात त्या प्रयोगाचा मोठा वाटा आहे. १९४२ साली 'कुलवधू'ने तर त्यांचे नाव घरोघरी पोहोचवले.

ही झाली एकेकट्या कलावंतांची नावे. संस्थेचे नाव घ्यायचे तर मुंबईत १९१९ साली स्थापन झालेल्या दि गोवा हिंदू असोसिएशनचे घ्यावे लागेल. पोटासाठी मुंबईला गेलेल्या गोवेकरांची ही संस्था. तिच्या कलाविभागाने काय काय केले त्याची यादी फळ्यावर लिहून ठेवावी अशी आहे: १९६२ साली 'रायगडाला जेव्हा जाग येते', १९६४ साली 'मत्स्यगंधा', १९७० साली 'नटसम्राट', १९७३ साली 'संध्याछाया', १९७७ साली 'बॅरिस्टर'. कानेटकर, शिरवाडकर, दळवी हे लेखक. मास्टर दत्ताराम, श्रीराम लागू, रामदास कामत, विक्रम गोखले यांच्यासारखे नट. यांतले काही गोव्याचे, काही घाटावरचे, काही कोकणातले. 'नटसम्राट' पाहताना कोणी त्याला गोव्याचे नाटक म्हटले नाही आणि परप्रांताचेही म्हटले नाही. ते मराठी नाटक होते, एवढे पुरे होते.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. या सगळ्यांना मोठे केले कोणी? गोव्याने त्यांना जन्म दिला, सूर दिला, संस्कार दिले, हे खरे. पण त्यांना उभे केले मुंबई-पुण्याच्या तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकांनी. गिरगावातले साहित्य संघ मंदिर, दादरचे शिवाजी मंदिर, प्रभादेवीचे रवींद्र नाट्यमंदिर ही तिन्ही साठ ते सत्तरच्या दरम्यानची. पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर १९६८ चे, ठाण्याचे गडकरी रंगायतन १९७८ चे. ही नाट्यगृहे बांधली कोणी न्यासाने, कोणी सरकारने, कोणी नगरपालिकेने. पण ती चालवली गिरणगावातल्या कामगाराने, बँकेतल्या कारकुनाने, शाळामास्तराने आणि त्याच्या बायकोने. महिनाअखेरीच्या ओढाताणीतूनही नाटकाचे पैसे वेगळे काढून ठेवणारी ही माणसे. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांचे संयुक्त 'मानापमान' झाले तेव्हा ती दोन प्रतिस्पर्धी नटांची भेट होती, तशीच मोठ्या दराचे तिकीट हौसेने काढणाऱ्या रसिकांचीही ती परीक्षा होती. रसिक त्या परीक्षेत उतरले.

नृत्याची गोष्टही याहून वेगळी नाही. नृत्य म्हटले की आपल्याला ते दक्षिणेचे किंवा उत्तरेचे वाटते. पण तंजावरच्या सरफोजी राजांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नृत्यासाठी मराठीत रचना केल्या आणि आचार्य पार्वतीकुमारांनी त्या भरतनाट्यमात बसवून पुन्हा रंगमंचावर आणल्या. म्हणजे भरतनाट्यमच्या मांडवातही मराठी केव्हाच जाऊन बसलेली आहे. दुसरे उदाहरण १९७२ च्या 'घाशीराम कोतवाल'चे. तेंडुलकरांचे नाटक, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचे संगीत, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्ये. रंगमंचावर माणसांचीच एक भिंत डुलत उभी राहते, हा त्या प्रयोगाचा प्राण. आपल्याकडच्या काल्यात आणि कोकणातल्या खेळ्यांत जी रीत आहे तिचीच ही बहीण. देवळापुढच्या अंगणातली रीत पुण्याच्या नाट्यगृहात गेली आणि १९८० साली युरोपच्या दौऱ्यावरही जाऊन आली. अंगणात तिला पाहायला सारा गाव फुकट जमत होता. नाट्यगृहात लोकांनी पैसे मोजले, म्हणून ती इतक्या लांब जाऊ शकली.

आता आपल्या राजधानीकडे वळू. पणजीत मांडवीच्या काठी कांपालला कला अकादमीची वास्तू आहे. अकादमी स्थापन झाली १९७० साली. वास्तू चार्ल्स कोरियांनी आखलेली. तिच्या मुख्य नाट्यगृहाला नाव आहे मास्टर दीनानाथ मंगेशकरांचे. विलेपार्ल्याच्या नाट्यगृहालाही त्यांचेच नाव आहे. एका मंगेशीच्या मुलाचे नाव मुंबईतही नाट्यगृहावर आहे आणि पणजीतही. रंगभूमीच्या एकतेचा यापेक्षा बोलका पुरावा कोणता हवा? त्या नाट्यगृहाच्या भिंतींवर मारिओ मिरांडांनी सज्जे आणि त्यांत बसलेले गोंयकार प्रेक्षक रंगवले होते. एकदा एका मराठी नाटकाला मी गेलो तेव्हा सज्ज्यांतले रंगवलेले प्रेक्षक भरगच्च होते आणि खालच्या खुर्च्या अर्ध्याअधिक रिकाम्या. पुढच्या पाच रांगा फुकट पासाच्या, आणि पासवाले आलेच नव्हते.

ही वास्तू दुरुस्तीसाठी दीर्घकाळ बंद राहिली. काम चालू असताना जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचावरचे छत कोसळले. नोव्हेंबर २०२३ मध्ये वास्तू पुन्हा उघडली, पण ध्वनी आणि प्रकाशयोजना यांविषयी कलावंतांनी जाहीर तक्रारी केल्या आणि सरकारला जाणकारांची समिती नेमावी लागली. कलावंत रस्त्यावर आले, वर्तमानपत्रांतून लिहिले गेले, हे योग्यच झाले. पण एक प्रश्न मी तुम्हांलाच विचारतो. नाट्यगृह बंद होते तेव्हा कलावंतांनी आवाज उठवला. प्रेक्षकांनी किती उठवला? ज्याने दरमहा तिकीट काढले असते त्याला आपले काहीतरी हिरावले गेल्यासारखे वाटले असते. ज्याची सवयच नाही त्याला दार उघडे काय आणि बंद काय, सारखेच.

आपल्याकडे नाटकाचे प्रेम नाही असे मात्र कोणी म्हणू नये. जत्रा-उत्सवांच्या दिवसांत गावागावांतून मराठी नाटके होतात. दोन महिने तालमी चालतात, पडदे भाड्याने आणतात, स्त्रीभूमिकेसाठी बाहेरून नटी बोलावतात, पेटी-तबल्याची साथ ठरवतात आणि पालखी आत गेल्यावर रात्री उशिरा पहिली घंटा होते. एवढी हौस भारतात फार थोड्या ठिकाणी असेल. पण या नाटकाचा खर्च निघतो वर्गणीतून, यजमानांकडून आणि पावणीतून. पाहणाऱ्याला काही द्यावे लागत नाही. ही देवाची सेवा आहे आणि ती तशीच राहिली पाहिजे. मात्र तिचा एक परिणाम झाला. नाटक फुकट पाहायचे असते हे आपल्या हाडीमासी खिळले. मग पणजी, मडगाव, फोंडा इथे मुंबईची नाट्यसंस्था चांगले नाटक घेऊन आली की आपण पहिला प्रश्न विचारतो, 'पास मिळतील का?'

त्या संस्थेचा हिशेब कधी मांडून पाहिला आहे? मुंबईहून सहाशे किलोमीटरांच्या आसपासचा प्रवास. नेपथ्याचा टेम्पो वेगळा, नटांची बस वेगळी. राहणे, जेवण, नाट्यगृहाचे भाडे, ध्वनी-प्रकाशाचे भाडे, जाहिरात. एका प्रयोगात हे भागत नाही. सलग चार-पाच प्रयोग लागले तरच दौरा परवडतो. म्हणून या संस्था कंत्राटी प्रयोगाची वाट पाहतात. कोणी धनिक, कोणी मंडळ, कोणी सरकारी खाते ठरावीक रक्कम देईल तर त्या येतात. म्हणजे १८५३ साली भाव्यांनी जो आश्रय सोडून तिकीट लावले, त्याच आश्रयाकडे आपण आपल्या शहरांतले नाटक परत नेत आहोत. आणि आश्रयदाता बदलला की आवडही बदलते. आज त्याला संगीत नाटक हवे, उद्या त्याला विनोदी नाचगाणे हवे. रसिकाला विचारतो कोण?

नृत्याचे कार्यक्रम तर बहुतेक निमंत्रणावरच चालतात. अरंगेत्रम् असले की मामा, मावशी, आजोबा सगळे पहिल्या रांगेत. दुसऱ्या कोणा नर्तकीचा कार्यक्रम असला की हीच मंडळी घरी. ज्या मुली दहा-बारा वर्षे घुंगरू बांधून मेहनत करतात त्यांना पुढे प्रेक्षकच नसेल तर ती कला लग्नाच्या पत्रिकेतला एक गुण म्हणून उरेल.

शेजारी पाहा. तियात्राचा पहिला प्रयोग १७ एप्रिल १८९२ रोजी झाला, आणि झाला तोही मुंबईतच. पोटासाठी मुंबईला गेलेल्या आपल्याच ख्रिस्ती बांधवांनी केलेला. भाषा कोंकणी, ढंग निराळा. पण तियात्र टिकले कशावर? तिकिटावर. आठवडाभर राबणारा माणूस रविवारी बायकामुलांना घेऊन जातो, तिकीट काढतो आणि आवडले तर पुन्हा जातो. म्हणूनच तियात्र करणाऱ्यांतल्या कित्येकांचा संसार त्यावर चालतो. आपण त्याला नावे ठेवण्यात वेळ घालवला. त्याच्याकडून एक धडा मात्र घेतला नाही.

शिक्षकांच्या प्रशिक्षणात आम्हांला हर्बार्टची पंचपदी शिकवली होती. तिची शेवटची पायरी उपयोजनाची. मुलाने शिकलेले वापरून दाखवले नाही तर पाठ अपुरा. तेव्हा उपयोजनाच्या चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट शाळेची. आठवीपासून पुढच्या प्रत्येक वर्गाला वर्षातून एक मराठी नाटक किंवा एक नृत्यप्रयोग नाट्यगृहात नेऊन दाखवावा. तिकिटाचे निम्मे पैसे मुलाने आपल्या खाऊच्या पैशांतून साठवावेत. फुकट नेऊ नये. आधी वर्गात नाटककाराची ओळख, नंतर वर्गात चर्चा. मी नववीच्या मुलांना प्रथम नेले तेव्हा तिसरी घंटा झाली, दिवे गेले आणि एका मुलाने माझ्या कानात विचारले, 'गुरुजी, इथे चणेवाला कसा नाही?' सभामंडपातल्या नाटकात चणेवाला नाही असे त्याने पाहिलेच नव्हते. पण दुसऱ्या अंकानंतर त्याच मुलाने मागे बोलणाऱ्या एका मोठ्या माणसाला 'गप्प राहा' म्हणून सांगितले. प्रेक्षक असा घडतो. कायदा करून तो घडत नाही.

दुसरी गोष्ट देवस्थानांची आणि उत्सव समित्यांची. उत्सवातले नाटक जसे आहे तसेच चालू द्या. फक्त वर्षातून एकदा समितीने जवळच्या शहरातल्या चांगल्या प्रयोगाची शंभर तिकिटे घाऊक घ्यावीत, ती गावात पुऱ्या दराने विकावीत आणि एक बस करून लोकांना न्यावे. गावाला शहरातले नाट्यगृह आपले वाटू लागेल. गावचे नटही चार नवीन गोष्टी पाहून येतील.

तिसरी गोष्ट वाचनालयांची. पणजी, मडगाव, फोंडा, साखळी आणि वास्को या पाच ठिकाणी आज सरकारी नाट्यगृहे आहेत. प्रत्येक ठिकाणी चारशे कुटुंबांनी वार्षिक वर्गणी भरून रसिक मंडळ काढले, तर वर्षाच्या सुरुवातीलाच दोन हजार घरांचा भरवसा उभा राहतो. एका घरातून दोघे आले तरी प्रत्येक गावी आठशे प्रेक्षक झाले. अशा पाच रात्री ठरलेल्या असल्या तर मुंबईची कोणतीही नाट्यसंस्था आपल्या खर्चाने येईल. धनिकाच्या दारात उभे राहण्याची गरज उरणार नाही. पाच शहरांत दोन हजार नाट्यवेडी घरे निघत नाहीत असे कोणी म्हणाले, तर ते मी मानायला तयार नाही.

चौथी गोष्ट आपल्या हौशी संस्थांची. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत इतक्या वर्षांत उत्तम प्रयोग झाले. बक्षीस मिळाले, ढाल कपाटात गेली आणि नाटकही कपाटात गेले. स्पर्धेनंतर त्या नाटकाचे तिकीट लावून निदान दहा प्रयोग झाले पाहिजेत. त्यातले दोन तरी गिरगावात किंवा पुण्यात झाले पाहिजेत. आपण नुसते पाहुण्यांचे आदरातिथ्य करीत बसलो तर तो एकतर्फी व्यवहार होईल. दीनानाथ तिकडे पाहुणे म्हणून गेले नव्हते. घरचे म्हणून गेले होते.

आणि एक साधी विनंती. पास मागू नका. कोणी दिला तर परत करा आणि तिकीट काढा. वेळेवर जाऊन बसा. नाटक वाईट असेल तर मध्यंतरात बाहेर येऊन तसे स्पष्ट बोला, तोही रसिकाचा हक्क आहे. पण तो हक्क बजावण्यासाठी आधी तिकिटाचा तुकडा खिशात लागतो.

मंडळी, मराठीसाठी आपण मोर्चे काढले, ठराव केले, निवेदने दिली. ती पुढेही द्यावी लागतील. परंतु राजभाषेचा दर्जा कागदावर मिळतो आणि कागदावर नाकारताही येतो. दर शनिवारी भरणारे नाट्यगृह कोणाला नाकारता येत नाही. मतपेटी पुन्हा कधी आपल्यापुढे येईल हे आपल्या हाती नाही. तिकीटखिडकी मात्र प्रत्येक प्रयोगाच्या दिवशी उघडते आणि तिथे कौल द्यायला आपल्याला कोणाची परवानगी लागत नाही. पुढचा प्रयोग लागेल तेव्हा आपण सगळे त्या रांगेत भेटू, एवढे वचन आजच्या दिवशी द्या. मी माझा नववीचा वर्ग घेऊन येतो आहे.

जय महाराष्ट्र, जय गोमंतक.